मलय शिका, पण मराठीचा हात धरून शिका

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळ्याच्या मागांवर विणलेल्या सुती लुंग्यांच्या ४० कोडी, म्हणजे ८०० नग, मलेशियाला पाठवायचे ठरले होते. गिऱ्हाईक एक बाई होत्या. क्लांग बंदराजवळ त्यांचे कापडाचे दुकान आहे. मुंबईच्या ओळखीतून नाव मिळाले, नमुना पसंत पडला, भावही ठरला. जहाजाचे भाडे दोघांनी निम्मे-निम्मे सोसायचे, असे माझ्या मनात होते. त्या काळात मी इंग्रजीतून मलय शिकवणारे एक पुस्तक वाचत होतो. इंग्रजी 'वी' या शब्दासमोर त्यात पहिलाच शब्द दिला होता, 'कामी'. मी मोठ्या ऐटीत बाईंना लिहून पाठवले, 'तांबांग कामी बायार.' माझ्या मनातला अर्थ, भाडे आपण मिळून देऊ. उर्दूत 'किराया हम देंगे' म्हटले, की त्या 'हम'मध्ये समोरचा धरलाही असतो आणि नसतोही. मलयमध्ये तसे चालत नाही. 'कामी' म्हणजे समोरच्याला सोडून आम्ही. बाईंनी अर्थ बरोबर लावला, की सगळे भाडे विकणारा देणार.

भाडे झाले ३८ हजार. त्यातले १९ हजार मी खर्चात धरले होते आणि ते धरून नगामागे २५ रुपये सुटणार होते. ८०० नगांचे २० हजार झाले असते. त्यातले १९ हजार एका शब्दापायी गेले. बाईंची त्यात काहीच चूक नव्हती. जबान दिली ती मी, म्हणून पाळलीही मीच.

रात्री दुकान बंद करताना आमच्या मुनीमजींना हा किस्सा सांगितला. ते अमळनेरकडचे, घरात अहिराणी, शाळा मराठी. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, यात अवघड काय आहे? हे तर आमचे 'आम्ही' आणि 'आपण' झाले. 'आम्ही जेवून आलो' म्हटले की तुम्ही त्यात नाही. 'आपण चहा घेऊ' म्हटले की तुम्हीही आलात."

मी थक्क झालो. मलयमध्ये 'कामी' म्हणजे आम्ही आणि 'किता' म्हणजे आपण. (आदराने 'तुम्ही' या अर्थी वापरतो तो 'आपण' वेगळा.) जी गोष्ट इंग्रजी पुस्तक मला समजावू शकले नाही, ती मराठीने एका वाक्यात समजावली. त्या दिवसापासून माझे असे मत झाले आहे, की खानदेशातल्या आपल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी मलय भाषेचे प्राथमिक व्याकरण शिकावे, आणि ते इंग्रजीच्या वाटेने न शिकता उर्दू आणि मराठी या आपल्या दोन भाषांच्या वाटेने शिकावे.

ही भाषा आपल्याला परकी नाही

काही बांधव विचारतील, आपला आणि मलयचा संबंध काय? मलेशियाची लोकसंख्या सुमारे साडेतीन कोटी आहे आणि तिथली राष्ट्रभाषा मलय आहे. ब्रुनेईत तीच आहे. सिंगापूरच्या चार सरकारी भाषांपैकी ती एक असून राष्ट्रभाषेचा मानही तिलाच आहे. सुमारे २८ कोटी लोकांच्या इंडोनेशियाची भाषा ही तिची सख्खी बहीण. २०२५ साली हजसाठी भारताचा कोटा १,७५,०२५ होता, तर इंडोनेशियाचा २,२१,०००. ज्यांनी हज केला आहे त्यांनी मक्का-मदिनेच्या बाजारात दुकानदार 'मुराह, मुराह' म्हणून हाका मारताना ऐकले असेल. 'मुराह' म्हणजे स्वस्त. गिऱ्हाईक ज्या भाषेचे, ती भाषा दुकानदाराने उचलली, एवढाच त्याचा अर्थ.

आता जुनी गोष्ट पाहा. आपल्या जळगाव-धुळे भागातून वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिथेच तिच्या काठावर रांदेर आहे. या रांदेरचे आलिम नूरुद्दीन अर-रानीरी १६३७ साली सुमात्रातल्या आचेला गेले आणि सुलतान इस्कंदर सानीच्या दरबारी मोठ्या पदाला पोहोचले. १६४४ साली ते रांदेरला परत आले आणि १६५८ साली त्यांची वफात झाली. त्यांनी मलय भाषेत ग्रंथ लिहिले. 'बुस्तानुस्सलातीन' हा इतिहासग्रंथ आणि 'सिरातुल मुस्तकीम' हे इबादतीच्या मसाइलवरचे पुस्तक, ही दोन्ही मलय साहित्यात आजही मानाने घेतली जाणारी नावे आहेत. तापीकाठचा एक माणूस परकी भाषा शिकला आणि त्या भाषेचा मोठा लेखक ठरला. कापडाचेही तेच. सतराव्या शतकात खानदेशचे कापड सुरतेच्या बंदराकडे जात असे, धरणगावला इंग्रज कंपनीची वखार होती, आणि सुरतेहून भारतीय कापड आचे व बांटमला जाऊन तिकडून मिरी येत असे. मलय माणूस जी लुंगी नेसतो तिला 'काइन पेलिकात' म्हणतात. हे नाव चेन्नईजवळच्या पुलिकत बंदरावरून पडले आहे. म्हणजे आपला माल तिकडे पूर्वीच पोहोचला होता. मधल्या काळात आपण मात्र मागे राहिलो.

व्याकरण किती सोपे, ते पाहा

मी उर्दू शाळेत शिकलो. मराठी शिकलो ती गल्ल्यावर बसून, कापूस विकून लुगडी घ्यायला येणाऱ्या शेतकरी बायांकडून. 'हे लुगडे' म्हणायच्या जागी मी 'हा लुगडा' म्हणे आणि बाया तोंडाला पदर लावून हसत. तो, ती, ते यांनी मला आयुष्यभर छळले. मलयमध्ये ही कटकटच नाही. तो असो वा ती, दोघांनाही 'दिया'. वस्तूंना लिंग नाही, आणि लिंगाप्रमाणे क्रियापद बदलणेही नाही.

काळाचेही तसेच आहे. 'जुआल' म्हणजे विकणे. 'सेमालाम साया जुआल काइन' म्हणजे काल मी कापड विकले. 'एसोक साया जुआल काइन' म्हणजे उद्या मी कापड विकीन. क्रियापद होते तेच राहिले, फक्त 'काल'चा शब्द जाऊन 'उद्या'चा आला. उर्दूत दोन्हींना 'कल' म्हणून आपण काम भागवतो, कारण क्रियापद काळ सांगते. मलयचे क्रियापद काही सांगत नाही, म्हणून काळाचा शब्द चुकवून चालत नाही. मराठीतले काल आणि उद्या जसे वेगळे, तसेच हे.

विशेषण नामाच्या मागून येते. 'काइन मेराह' म्हणजे लाल कापड, शब्दशः 'कापड लाल'. 'केदाइ साया' म्हणजे माझे दुकान, शब्दशः 'दुकान माझे'. उर्दूतली इजाफत ज्याला कळते, त्याला हे नवीन नाही. शबे-कद्रमध्ये शब आधी आणि कद्र नंतर, तसेच इथे.

नग मोजताना आकड्यानंतर एक मोजशब्द लागतो. माणसांना 'ओरांग', जनावरांना 'एकोर', कापड-कागद अशा पातळ वस्तूंना 'हेलाइ'. 'तिगा हेलाइ काइन' म्हणजे कापडाचे तीन नग. आपण 'तीन नग', 'दोन ताके' म्हणतोच. आणि कापडवाल्यांना आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे, वीस नगांना तिकडेही 'कोडी' म्हणतात. इंडोनेशियाच्या तयार कपड्यांच्या बाजारात आजही कोडीवर भाव होतो.

अनेकवचनासाठी शब्द दोनदा म्हणतात, 'काइन-काइन'. पण आकडा आला की दुसऱ्यांदा म्हणायचा नाही. 'तिगा हेलाइ काइन-काइन' म्हटले तर लोक हसतील. शिवाय काही शब्द दोनदा म्हटले की अर्थच बदलतो. 'गुला' म्हणजे साखर, हा आपला गूळच तिकडे जाऊन राहिला आहे. पण 'गुला-गुला' म्हणजे पोरांच्या गोड गोळ्या.

खरी मेहनत लागते ती शब्दाच्या पुढे-मागे जोडल्या जाणाऱ्या अक्षरांना. मागवाल्यांनी आपलाच शब्द घ्यावा. 'तेनुन' म्हणजे विणणे हे मूळ. त्यावरून 'मेनेनुन' म्हणजे विणण्याचे काम करणे, 'पेनेनुन' म्हणजे विणकर, 'तेनुनान' म्हणजे विणलेले कापड, आणि 'दितेनुन' म्हणजे विणले जाते. दर्जी बांधवांसाठी 'जाहित' म्हणजे शिवणे; मग 'मेंजाहित' शिवणकाम करणे, 'पेंजाहित' शिंपी, 'जाहितान' शिलाई. मदरशात ज्यांनी थोडीशी सर्फ केली आहे, त्यांना तलब, तालिब, मतलूब यांची सवय असते. एक मूळ धरायचे आणि त्याचे कुटुंब ओळखायचे, हे आपल्या डोक्यात आधीच बसलेले आहे. मुळाचे पहिले अक्षर कधी गळते, कधी बदलते, तेवढे सरावाने जमते.

चार नकार आणि मराठीची मदत

मलयमध्ये नकाराचे चार शब्द आहेत, आणि व्यापारात नकार समजण्यात चूक झाली तर सौदा जातो. 'बुकान' म्हणजे नव्हे. 'इनी बुकान सुतेरा', हे रेशीम नव्हे. 'तिदाक' म्हणजे नाही. 'काइन इनी तिदाक माहाल', हे कापड महाग नाही. 'जांगान' म्हणजे करू नका. 'जांगान बासुह देंगान आइर पानास', गरम पाण्याने धुऊ नका. आणि चौथा 'बेलुम', म्हणजे अजून नाही. 'बारांग बेलुम साम्पाइ', माल अजून पोहोचला नाही.

इंग्रजीतून शिकणारा 'बुकान' आणि 'तिदाक' यांच्यात गोंधळतो, उर्दूवालाही 'नहीं'वर भागवतो. मराठीत 'नव्हे' आणि 'नाही' वेगळे आहेत, म्हणून मराठी कानाला हा फरक लगेच कळतो. 'बेलुम'ची तर खास आठवण ठेवा. पैसे आले का, असे विचारल्यावर तिकडचा माणूस 'बेलुम' म्हणाला, तर तो देणे नाकारत नाही. अजून झाले नाही, पुढे होईल, असे तो सांगतो. त्याला कोरडा नकार समजून तुम्ही माल दुसऱ्याला विकून मोकळे झालात, तर दोष तुमचा.

समोरच्याला 'तू-तुम्ही' म्हणण्यापेक्षा मलय माणूस नाते लावतो. वयस्कर पुरुषाला 'पाक चिक' म्हणजे चाचा, मोठ्या बहिणीसारख्या बाईला 'काक', अनोळखी बाईंना 'पुआन', गृहस्थांना 'एन्चिक', हाजी असतील तर 'तुआन हाजी'. चाचा, आपा, भाभी म्हणणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांना हे शिकवावे लागणार नाही.

ओळखीचे शब्द आणि ओळखीचे खड्डे

शब्दांच्या बाबतीत आपण दोन्ही हातांनी श्रीमंत आहोत. उर्दूकडून पाहाल तर वाक्तु, दुनिया, आकाल, वाकिल, आमानाह, साउदागार, पासार हे सगळे आपले वक्त, दुनिया, अक्कल, वकील, अमानत, सौदागर, बाजार. मराठीकडून पाहाल तर बाहासा म्हणजे भाषा, वार्ना म्हणजे रंग, लाबा म्हणजे लाभ, काचा म्हणजे काच, आणि कापास म्हणजे आपल्या खानदेशचा कापूस. तिकडचे मुसलमान रोज्याला 'पुआसा' म्हणतात, हा मुळात उपवास. गुनाहला 'दोसा' म्हणतात, सवाबला 'पाहाला', म्हणजे दोष आणि फळ. कोणत्या शब्दाचा जन्म कुठल्या भाषेत झाला, यावर तिथे कुणी वाद घालत नाही. मलेशियाच्या सरकारी भाषासंस्थेचे नाव पाहा : देवान बाहासा दान पुस्ताका. स्थापना १९५६. यात 'दान' म्हणजे 'आणि', तेवढा एक शब्द शिकायचा. दीवान, भाषा, पुस्तक हे तिन्ही घरचेच. या संस्थेचा शब्दकोश मोबाइलवर फुकट पाहता येतो.

लिपीचेही भय नको. रोजचा व्यवहार रोमन अक्षरांत चालतो. जुनी 'जावी' लिपी अरबी अक्षरांची आहे. ती आजही धार्मिक शिक्षणात, ब्रुनेईच्या पाट्यांवर आणि केलांतानसारख्या भागात दिसते. उर्दू शाळेतल्या मुलाने चार-पाच अक्षरे नवी ओळखली की जावी वाचता येते. आपला 'चे' तसाच आहे. 'प'साठी मात्र 'फे'वर तीन नुक्ते देतात आणि 'ऐन'वर तीन नुक्ते दिले की 'ङ'चा आवाज होतो.

मात्र ओळखीचे शब्दच कधी खड्ड्यात घालतात. मलेशियात बँकेच्या व्याजाला 'फाएदाह' म्हणतात. 'आम्हाला यात फायदा हवा' असे आपण भोळेपणाने म्हणू, आणि ऐकणाऱ्याला वाटेल हा सूद मागतो आहे. नफ्यासाठी 'उन्तुंग' म्हणावे. मलेशियात 'पेर्चुमा' म्हणजे मोफत, इंडोनेशियात तोच शब्द 'व्यर्थ' या अर्थी. नमुना मोफत आहे असे जकार्त्याच्या गिऱ्हाइकाला त्या शब्दात लिहिले, तर तो म्हणेल, मग पाठवता कशाला? इंडोनेशियात 'बिसा' म्हणजे 'करू शकतो', मलेशियात त्याचा अर्थ विष असा आहे, तिथे 'बोलेह' म्हणावे. बहिणी सख्ख्या असल्या तरी घरे दोन आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आक्षेप आणि उत्तर

काही मित्र म्हणतात, मलेशियात इंग्रजी चालते. खरे आहे, क्वालालंपूरच्या मोठ्या कचेऱ्यांत उत्तम चालते. पण आपण मोठ्या कंपन्यांना माल देणारे नाही. आपले गिऱ्हाईक लहान दुकानदार. कोटा भारूच्या सिती खदीजा बाजारात बहुतेक गाळे बाया चालवतात, तिथे भावाची घासाघीस त्यांच्या बोलीतच होणार. क्वालालंपूरच्या मस्जिद इंडिया भागात तमिळ मुसलमानांची कापडाची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. ते मालासोबत भाषाही घेऊन बसले आहेत.

दुसरे म्हणतात, मोबाइल भाषांतर करून देतो. देतो, आणि मीही वापरतो. पण इंग्रजी 'वी' किंवा उर्दू 'हम' दिल्यावर त्या यंत्राने 'कामी' निवडावे की 'किता', हे त्याला कोण सांगणार? तुमच्या मनात भाडे एकट्याने द्यायचे आहे की दोघांनी, हे यंत्राला ठाऊक नाही. उत्तर बरोबर आले की चुकले, हे ओळखण्यापुरते व्याकरण तरी आपल्याला आलेच पाहिजे. बोलताना तिकडची माणसे हे नियम कधी सैल सोडतात, पण लिहिलेल्या शब्दावर पैशाचा व्यवहार होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चिनी माल स्वस्त आहे, तिथे भाषा काय करणार? भाषा वाईट माल विकत नाही, हे मी कबूल करतो. रंग जाणारी लुंगी कितीही गोड मलयमध्ये विकली, तरी दुसऱ्यांदा विकली जाणार नाही. पण चांगला माल असून मधल्या दलालावाचून आपल्याला बोलता येत नाही, म्हणून नफ्याचा मोठा वाटा मधेच राहतो, हे आपण रोज पाहतो. २०१० पासून भारत आणि आसियान देशांत मालाच्या मुक्त व्यापाराचा करार लागू आहे. मूळ देशाचा दाखला जोडला की करारातल्या मालावर गिऱ्हाइकाला जकातीत सवलत मिळते. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश सुरू केला (जाण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावा). दार उघडे आहे, पण आत जाऊन बोलणार कोण?

माझी सूचना साधी आहे. जळगाव आणि धुळ्यात, प्रत्येक कापडबाजारातून आणि माग असलेल्या प्रत्येक मोहल्ल्यातून दोन-दोन तरुणांनी रोज अर्धा तास द्यावा. पहिल्या महिन्यात आकडे, नग आणि तीनशे शब्द. दुसऱ्या महिन्यात चार नकार, 'कामी' आणि 'किता', काल आणि उद्या. तिसऱ्या महिन्यात मूळ शब्द आणि त्यांची कुटुंबे. एवढ्यावर कोणी पंडित होणार नाही. पण बिल, पावती आणि भाड्याचे पत्र लिहिताना माझ्यासारखे १९ हजार जाणार नाहीत.

आणि एक विनंती उर्दू शाळांच्या पालकांना. मराठी म्हणजे पास होण्यापुरता एक पेपर, ही समजूत सोडा. मी पन्नाशीपर्यंत तीच समजूत धरून होतो. समुद्रापलीकडची भाषा शिकायला निघालो तेव्हा कळले, की तिची किल्ली शेजारच्या गादीवर बसलेल्या मुनीमजींच्या तोंडी होती. त्या बाईंचा दुसरा सौदा मागल्या वर्षी झाला. या वेळी लिहिण्यापूर्वी मी मुनीमजींना विचारले, आणि मग लिहिले, 'तांबांग किता बायार. सेतेंगाह-सेतेंगाह.' भाडे आपण देऊ, निम्मे-निम्मे. बाईंनी उत्तरात एकच शब्द पाठवला, 'बोलेह.'

विचार व्हावा.